बुद्धिबळ इंजिनासाठी प्रोसेसरच्या कॅशवर किती खर्च करावा?

बुद्धिबळाच्या विश्लेषणासाठी संगणक निवडताना एक पेच हमखास उभा राहतो. समोर दोन प्रोसेसर असतात. पिढी तीच, कोरची, म्हणजे स्वतंत्रपणे गणना करणाऱ्या भागांची, संख्या तीच, परंतु एकात तिसऱ्या पातळीची कॅश ३२ मेगाबाइट असते आणि दुसऱ्यात ९६ मेगाबाइट, आणि या तिप्पट कॅशपोटी किंमतही चढी असते. त्या जादा पैशांत इंजिन, म्हणजे बुद्धिबळ खेळणारा प्रोग्रॅम, खरोखर अधिक चांगले खेळते का, की तीच रक्कम अधिक कोर असलेल्या प्रोसेसरवर लावणे शहाणपणाचे ठरेल? याचे उत्तर द्यायचे तर इंजिन विचार करताना नेमक्या कोणत्या माहितीला पुन्हापुन्हा हात लावते हे आधी पाहावे लागते, कारण गेल्या तीस वर्षांत ती माहिती जवळजवळ पूर्ण बदलली आहे आणि तिच्याबरोबर हे उत्तरही बदलत आले आहे.

प्रथम कॅश म्हणजे काय ते थोडक्यात पाहू. पाच गिगाहर्ट्झवर चालणाऱ्या प्रोसेसरचे एक आवर्तन ०.२ नॅनोसेकंदांचे असते. मुख्य मेमरीतून, म्हणजे रॅममधून, एखादी गोष्ट आणायला मात्र ७० ते १०० नॅनोसेकंद लागतात, म्हणजे साडेतीनशे ते पाचशे आवर्तने. एवढा वेळ प्रत्येक वेळी थांबायचे म्हटले तर प्रोसेसरच्या वेगाला काही अर्थच उरणार नाही, म्हणून नुकतीच वापरलेली माहिती प्रोसेसरच्या अंगावरच असलेल्या लहान पण वेगवान मेमरीत ठेवली जाते. ती मेमरी म्हणजे कॅश. तिच्या तीन पातळ्या असतात. पहिली पातळी प्रत्येक कोरची स्वतःची, साधारण ३२ किंवा ४८ किलोबाइटची आणि चार-पाच आवर्तनांत उत्तर देणारी. दुसरीही कोरची स्वतःचीच, पण अर्ध्या ते दोन-तीन मेगाबाइटची आणि पंधराच्या आसपास आवर्तने घेणारी. आणि तिसरी अनेक कोरांमध्ये सामायिक, कित्येक मेगाबाइटची, जिथून माहिती यायला पन्नासेक आवर्तने लागतात. माहितीची ने-आण सुट्या बाइटांत होत नाही, ६४ बाइटांच्या ओळींत होते. एक बाइट मागितला तरी त्याच्या शेजारचे ६३ बाइट सोबत येतात. हा ६४ बाइटांचा आकडा लक्षात ठेवावा, पुढे त्याची गरज पडेल.

कॅश महाग का, याचे कारण तिच्या बांधणीत आहे. रॅममधला एक बिट साठवायला एक ट्रान्झिस्टर आणि एक कपॅसिटर पुरतो, तर कॅशमधल्या प्रत्येक बिटाला सामान्यतः सहा ट्रान्झिस्टर लागतात. एका मेगाबाइटमध्ये सुमारे ८४ लाख बिट येतात, म्हणजे एका मेगाबाइट कॅशसाठी निव्वळ साठवणुकीचेच पाच कोटींहून अधिक ट्रान्झिस्टर खर्ची पडतात, आणि पत्ता शोधण्याचे परिपथ त्याहून वेगळे. सिलिकॉनच्या चकतीवर ही जागा मोजूनमापून विकत घ्यावी लागते. त्यात अलीकडे आणखी एक अडचण आली आहे. हिशोब करणारे परिपथ प्रत्येक नव्या तंत्रासोबत आणखी बारीक होत जातात, पण कॅशच्या पेशी तितक्या बारीक होईनाशा झाल्या आहेत. तैवानच्या टीएसएमसी या कंपनीच्या ५ नॅनोमीटर तंत्रातील पेशीचा आकार आणि तिच्याच ३ नॅनोमीटर तंत्राच्या एन३ई या आवृत्तीतील पेशीचा आकार सारखाच, ०.०२१ चौरस मायक्रोमीटर, आहे. नवे तंत्र महाग आणि कॅश मात्र तेवढीच जागा अडवणार, असा हा व्यवहार आहे. म्हणूनच एएमडीने कॅशची वेगळी चकती तयार करून ती प्रोसेसरच्या चकतीला उभी जोडण्याचा मार्ग धरला, आणि एप्रिल २०२२ मध्ये आलेल्या रायझन ७ ५८००एक्स३डी या प्रोसेसरमध्ये मूळच्या ३२ मेगाबाइटवर ६४ मेगाबाइटची भर घालून ९६ मेगाबाइट कॅश दिली. या जोडणीची किंमत पैशांखेरीज वेगातही मोजावी लागली: मूळच्या ५८००एक्सचा कमाल वेग ४.७ गिगाहर्ट्झ होता, तो या आवृत्तीत ४.५ वर आला.

आता इंजिनाकडे वळू. कोणतेही पारंपरिक बुद्धिबळ इंजिन एका पटस्थितीतून संभाव्य चालींचे झाड वाढवत जाते, त्यातल्या निरुपयोगी फांद्या छाटते आणि टोकाच्या स्थितींचे मूल्यमापन करते. या कामात लागणारा बराचसा मजकूर अगदी लहान असतो. पट स्वतः ६४ बिटांच्या काही संख्यांत मावतो. चालींच्या याद्या काही शे बाइटांच्या असतात. हत्ती आणि उंट कोणत्या घरांवर मारा करतात हे चटकन सांगणारे तक्ते त्यामानाने मोठे असतात; प्रचलित पद्धतीत हत्तीचा तक्ता १,०२,४०० नोंदींचा, म्हणजे ८०० किलोबाइटचा असतो आणि उंटाचा ४१ किलोबाइटचा. परंतु एका शोधात त्यातला थोडाच भाग सतत लागतो, म्हणून हे सगळे दुसऱ्या पातळीच्या कॅशमध्ये बहुतांशी निभावून जाते.

यानंतर येते हॅश टेबल. एकच पटस्थिती वेगवेगळ्या क्रमाने चाली करून पुन्हापुन्हा येते, तेव्हा आधी काढलेला निष्कर्ष कुठेतरी नोंदवून ठेवणे फायद्याचे असते. त्यासाठी प्रत्येक स्थितीला ६४ बिटांचा एक क्रमांक दिला जातो. ही पद्धत अल्बर्ट झोब्रिस्ट यांनी १९७० मध्ये मांडली आणि ती आजही जवळपास सर्व इंजिने वापरतात. बारा प्रकारची मोहरी आणि चौसष्ट घरे यांच्या ७६८ जोड्यांसाठी ७६८ यादृच्छिक संख्या ठरवायच्या, आणि पटावर जी मोहरी ज्या घरांत असतील त्यांच्या संख्या एका विशिष्ट बिट-क्रियेने एकत्र करायच्या. हा सगळा तक्ता मिळून फक्त ६,१४४ बाइटांचा होतो, म्हणजे तो पहिल्या पातळीच्या कॅशमध्ये कायम राहू शकतो.

क्रमांक काढणे स्वस्त असले तरी त्या क्रमांकाच्या जागी जाऊन नोंद वाचणे स्वस्त नसते. एका घोड्याची एक चाल झाली की क्रमांक पूर्णपणे बदलतो आणि टेबलातली जागाही कुठल्या कुठे जाते. स्टॉकफिश या प्रसिद्ध इंजिनामध्ये दहा बाइटांच्या तीन नोंदी मिळून ३२ बाइटांचा एक गट होतो. ४ गीगाबाइटच्या टेबलात असे १३ कोटींहून अधिक गट असतात आणि पुढची भेट त्यातल्या कोणत्या गटाला द्यावी लागेल याला कसलाही शेजारधर्म नसतो. अशा टेबलापुढे ३२ मेगाबाइट कॅश म्हणजे एक टक्क्याहूनही कमी आणि ९६ मेगाबाइट म्हणजे सव्वादोन टक्क्यांच्या आसपास. नुकत्याच भेट दिलेल्या नोंदींकडे शोध वारंवार परततो, त्यामुळे प्रत्यक्ष फायदा या टक्केवारीपेक्षा थोडा जास्त असतो, हे खरे. तरीही कॅश वाढवून हॅश टेबलाचा प्रश्न सुटत नाही. तो सोडवला आहे तो प्रोग्रॅमरांनी, आणि फार सुरेख रीतीने: चाल पटावर प्रत्यक्ष करण्यापूर्वीच इंजिन नव्या स्थितीचा क्रमांक काढते, त्या जागेची ओळ मेमरीतून आगाऊ मागवून ठेवते, आणि ती येईपर्यंत चाल करणे, शह आहे का ते तपासणे अशी इतर कामे उरकते. नोंद वाचायची वेळ येते तेव्हा ती बहुधा कॅशमध्ये पोहोचलेली असते. या एका सूचनेने ८० नॅनोसेकंदांचा खोळंबा पुष्कळदा नाहीसा होतो, आणि त्यासाठी विकत काहीच घ्यावे लागत नाही.

म्हणूनच मूल्यमापनाचे नियम हाताने लिहिले जात होते त्या काळात मोठ्या कॅशचा बुद्धिबळाला फारसा उपयोग नव्हता, असे माझे मत आहे. १९९८ हे वर्ष त्यासाठी चांगले उदाहरण आहे. त्या वर्षी इंटेलने आधी दुसऱ्या पातळीची कॅशच नसलेला सेलेरॉन २६६ बाजारात आणला, आणि कॅश अजिबात नसेल तर काय होते ते सर्वांना दिसले. तो प्रोसेसर रखडत चाले. मग ऑगस्टमध्ये सेलेरॉन ३००ए आला. त्यात केवळ १२८ किलोबाइट कॅश होती, पण ती प्रोसेसरच्या पूर्ण वेगाने धावणारी होती. त्याची किंमत १४९ डॉलर होती. त्याच सुमारास आलेल्या पेंटियम टू ४५० ची किंमत ६६९ डॉलर होती आणि त्याची ५१२ किलोबाइटची कॅश प्रोसेसरच्या निम्म्या वेगाने चालत असे. हौशी मंडळी ३००ए चा बसवेग (ज्याच्या पटीत प्रोसेसरचा वेग ठरतो) ६६ वरून १०० मेगाहर्ट्झवर नेऊन त्याला ४५० मेगाहर्ट्झवर पळवत, आणि मग एक चतुर्थांशाहून कमी किमतीचा हा प्रोसेसर चौपट कॅश असलेल्या महागड्या भावंडाच्या तोडीस तोड काम करी. बुद्धिबळाच्या त्या काळच्या प्रोग्रॅमांचा नेहमी लागणारा ऐवज लहान होता, आणि न मावणारे हॅश टेबल १२८ किलोबाइटमध्येही मावत नव्हते आणि ५१२ मध्येही मावत नव्हते. प्याद्यांच्या रचनेचे मूल्यमापन साठवणारे वेगळे छोटे टेबल असे, पण रचना हळूहळू बदलत असल्यामुळे त्यातल्या थोड्याच नोंदी पुन्हापुन्हा लागत. मधल्या काळात संगणकांची क्षमता मोजणाऱ्या स्पेक सीपीयू२००० या चाचणीसंचात क्राफ्टी हे इंजिन घेतले गेले, तेही मेमरीपेक्षा प्रोसेसरच्या गणनाशक्तीची कसोटी घेणारा प्रोग्रॅम म्हणूनच ओळखले गेले. मेमरीचा कस पाहणारा म्हणून त्याच संचातील एमसीएफ हा वाहनांच्या वेळापत्रकाचा प्रोग्रॅम प्रसिद्ध होता.

हे चित्र २०२० मध्ये पालटले. यू नासू यांनी २०१८ मध्ये शोगी या जपानी खेळासाठी एनएनयूई नावाचे, साध्या प्रोसेसरवर वेगाने चालणारे न्यूरल नेटवर्क तयार केले होते. ते बुद्धिबळात आणले गेले आणि सप्टेंबर २०२० मध्ये स्टॉकफिश १२ त्याच्यासह प्रसिद्ध झाले. हाताने लिहिलेल्या नियमांची जागा शिकून तयार झालेल्या लक्षावधी संख्यांनी घेतली, आणि त्या संख्या कुठेतरी ठेवाव्या लागतात.

या नेटवर्कचा पहिला थर कसा चालतो ते जवळून पाहण्यासारखे आहे, कारण कॅशचा सगळा हिशोब तिथेच आहे. आपला राजा कोणत्या घरात आहे, आणि त्याला धरून दुसरे कोणते मोहरे कोणत्या घरात आहे, अशी प्रत्येक जोडी म्हणजे एक वैशिष्ट्य. प्रत्येक वैशिष्ट्यासाठी संख्यांची एक लांबलचक ओळ ठरलेली असते. पटावर जी वैशिष्ट्ये हजर असतील त्यांच्या ओळींची बेरीज हीच त्या स्थितीची ओळख होते, आणि ती बेरीज पांढऱ्याच्या बाजूने एक व काळ्याच्या बाजूने एक अशी दोनदा ठेवली जाते. कल्पकता अशी की चाल झाल्यावर सगळी बेरीज पुन्हा करावी लागत नाही. घोडा एका घरातून दुसऱ्या घरात गेला तर जुन्या घराची ओळ वजा करायची आणि नव्या घराची मिळवायची.

स्टॉकफिश १२ मध्ये अशी ४१,०२४ वैशिष्ट्ये होती आणि प्रत्येक ओळीत दोन बाइटांच्या २५६ संख्या होत्या. म्हणजे एक ओळ ५१२ बाइटांची, कॅशच्या भाषेत आठ ओळींची, आणि सगळे मिळून सुमारे २० मेगाबाइट. पुढच्या आवृत्त्यांत वैशिष्ट्यांची संख्या हुशारीने २२,५२८ वर आणली गेली, पण ओळी मात्र लांबत गेल्या. २०२४ मधल्या स्टॉकफिश १७ मध्ये मोठ्या नेटवर्कच्या एका ओळीत ३,०७२ संख्या आहेत. आता एक ओळ ६,१४४ बाइटांची झाली. झोब्रिस्टचा संपूर्ण तक्ता जेवढा होता, नेमकी तेवढी ही एक ओळ आहे, आणि अशा साडेबावीस हजार ओळी मिळून १३० मेगाबाइटच्या वर जातात.

घोड्याच्या एका साध्या चालीला जुनी आणि नवी अशा दोन ओळी, त्याही दोन्ही बाजूंसाठी, म्हणजे चार ओळी लागतात. चार ओळींचे होतात २४ किलोबाइट, म्हणजेच ६४ बाइटांच्या ३८४ ओळी. एक थ्रेड, म्हणजे शोधाचा समांतर चालणारा एक धागा, सेकंदाला दहा लाख स्थिती पाहतो आणि प्रत्येक वेळी हे सगळे रॅममधून आणावे लागते असे धरले, तर एकट्या थ्रेडला सेकंदाला सुमारे २४ गीगाबाइट माहिती ओढावी लागेल. ५६०० वेगाच्या, दोन वाहिन्यांच्या डीडीआर५ मेमरीची कागदोपत्री क्षमता सेकंदाला ९० गीगाबाइटच्या आसपास असते. म्हणजे चारच थ्रेडांनी ती संपून जाईल. प्रत्यक्षात इतकी वाईट परिस्थिती येत नाही, कारण स्टॉकफिश प्रत्येक स्थितीत ही बेरीज अद्ययावत करत नाही, एकतर्फी स्थितींसाठी लहान नेटवर्क वापरते, आणि मुख्य म्हणजे बऱ्याच ओळी कॅशमध्ये आधीच असतात. पण हा आकडा एवढे निश्चित सांगतो की आजच्या इंजिनाला तिसऱ्या पातळीची कॅश नसती तर ते मेमरीच्या दारात ताटकळत राहिले असते.

मग १३० मेगाबाइटचे नेटवर्क ३२ मेगाबाइट कॅशवर चालते तरी कसे? त्याचे उत्तर राजाच्या जागेत दडलेले आहे. वैशिष्ट्ये राजाच्या घराला बांधलेली असल्यामुळे नेटवर्कचे ३२ भाग पडतात आणि प्रत्येक भाग ७०४ ओळींचा, म्हणजे सुमारे ४ मेगाबाइटचा असतो. मधल्या डावात किल्लेकोट करून बसलेला राजा फार तर दोन-तीन घरांत इकडेतिकडे होतो. दोन्ही राजांचे मिळून त्या वेळी उपयोगात असलेले भाग मोजले, आणि त्यातही मोहरी जिथे कधी पोहोचतच नाहीत अशा घरांच्या ओळी वजा केल्या, तर सतत लागणारा ऐवज साधारणपणे ३२ मेगाबाइटच्या आत राहण्याइतका असतो. अंत्यडावात राजे पटभर फिरतात आणि अनेक भाग उघडतात, पण तेव्हा मोहरीच थोडी उरलेली असतात. त्यामुळे एकाच स्थितीचे विश्लेषण करताना, मग ते आठ थ्रेडांवर असो की सोळा, सगळे थ्रेड त्याच त्या ओळींवर काम करतात आणि कॅशमधली एकच प्रत सर्वांना पुरते.

आपण कोणते काम करणार आहोत, हा प्रश्न म्हणूनच कॅशच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा आहे. जो वाचक स्वतःचे डाव तपासतो, ओपनिंगची तयारी करतो आणि एका वेळी एकाच स्थितीवर इंजिन चालवतो, त्याला ९६ मेगाबाइटचा लाभ बेताचाच होईल. जो इंजिन लिहितो किंवा तपासतो आणि आठ कोरांवर एकाच वेळी आठ वेगळे डाव चालवतो, त्याची गोष्ट अगदी निराळी आहे. तिथे प्रत्येक डावात राजे वेगळ्या घरांत असतात, प्रत्येक डावाच्या ओळी वेगळ्या असतात, आणि इंजिनाची प्रत्येक प्रत आपले नेटवर्क स्वतंत्रपणे मेमरीत ठेवत असेल तर एकाच ओळीच्याही अनेक प्रती कॅशमध्ये जागा अडवतात. अशा वेळी ३२ मेगाबाइट कॅश आठ जणांत वाटली जाते आणि प्रत्येकाच्या वाट्याला चारच मेगाबाइट येतात. मोठ्या कॅशचे पैसे वसूल होतात ते इथे.

आता किमती पाहू. २०२२ च्या सप्टेंबरमध्ये आठ कोरांचा रायझन ७ ७७००एक्स ३९९ डॉलरना आला. त्याची कॅश ३२ मेगाबाइट आणि कमाल वेग ५.४ गिगाहर्ट्झ. २०२३ च्या एप्रिलमध्ये आठच कोरांचा ७८००एक्स३डी ४४९ डॉलरना आला. कॅश ९६ मेगाबाइट, कमाल वेग ५.० गिगाहर्ट्झ. त्याच वर्षाच्या जानेवारीत बारा कोरांचा रायझन ९ ७९०० ४२९ डॉलरना आला होता. हे सर्व पदार्पणाच्या वेळचे अधिकृत दर आहेत आणि पुढे ते बदलत गेले, पण त्यांच्यातले नाते बोलके आहे. पहिल्या दोघांत पन्नास डॉलर जास्त मोजून कॅश तिप्पट मिळते आणि वेग सात टक्क्यांहून अधिक घटतो; म्हणजे कॅशने आधी ही सात टक्क्यांची तूट भरून काढायची आणि मग वर काही मिळवून द्यायचे. तिसरा मात्र ७८००एक्स३डी पेक्षा वीस डॉलर कमी घेऊन दीडपट कोर देतो. बुद्धिबळ इंजिन कोरांचा चांगला उपयोग करून घेते, आणि एका स्थितीचे दीर्घ विश्लेषण हेच मुख्य काम असेल तर मी विनासंकोच बारा कोर निवडीन. व्हिडिओ गेममध्ये याच ७८००एक्स३डी ने जे नाव मिळवले ते योग्यच आहे, परंतु गेमच्या कसोट्यांचे आकडे पाहून बुद्धिबळासाठी तो घेणे म्हणजे दुसऱ्याच्या मापाचा अंगरखा शिवून घेण्यासारखे आहे.

सर्व्हरच्या दुनियेत हिशोब थोडा वेगळा पडतो. एएमडीच्याच चौसष्ट कोरांच्या एपिक ७७६३ या सर्व्हर प्रोसेसरमध्ये २५६ मेगाबाइट कॅश होती आणि यादीतला दर ७,८९० डॉलर. मार्च २०२२ मध्ये आलेल्या, तेवढ्याच कोरांच्या ७७७३एक्स मध्ये ७६८ मेगाबाइट कॅश आणि दर ८,८०० डॉलर. मुळातच एवढा खर्च होत असताना आणखी बारा टक्क्यांत कॅश तिप्पट होते, आणि अशा यंत्रावर बहुधा शेकडो डाव एकाच वेळी चालतात. तिथे हा सौदा विचारात घेण्याजोगा आहे.

खोक्यावरच्या आकड्याबाबत एक सावधगिरी बाळगायला हवी. ‘६४ मेगाबाइट कॅश’ असे लिहिलेले असले तरी ती एकसंध असेलच असे नाही. वर उल्लेख केलेल्या बारा कोरांच्या प्रोसेसरमध्ये सहा-सहा कोरांच्या दोन चकत्या असतात आणि प्रत्येकीजवळ आपली ३२ मेगाबाइट कॅश असते. एका चकतीवरचा कोर दुसरीच्या कॅशमध्ये आपली माहिती साठवू शकत नाही. सोळा कोरांच्या रायझन ९ ७९५०एक्स३डी मध्ये तर एका बाजूला ९६ आणि दुसऱ्या बाजूला ३२ अशी विषम वाटणी आहे, जरी जाहिरातीत बेरीज १२८ दिसते. याउलट ज्या आकड्याची जाहिरात फारशी होत नाही, त्या दुसऱ्या पातळीच्या कॅशकडे लक्ष द्यावे. स्टॉकफिश १७ च्या मोठ्या नेटवर्कमध्ये पहिल्या थरानंतरचा, प्रत्येक मूल्यमापनात लागणारा भाग सुमारे ४८ किलोबाइटचा आहे. तो पहिल्या पातळीत इतर माहितीसह नीट मावत नाही, पण एक मेगाबाइटच्या दुसऱ्या पातळीत आरामात बसतो.

वेग वाढला तर खेळ किती सुधारतो, हेही आकड्यांत पाहायला हवे. जलद डावांत वेग दुप्पट झाला की इंजिनाची ताकद ढोबळमानाने ५० ते ७० एलो गुणांनी (एलो म्हणजे खेळाडूची ताकद मोजणारे मानांकन) वाढते, आणि विचाराला वेळ जास्त असेल तसतशी ही वाढ कमी होत जाते, कारण बरोबरीत सुटणारे डाव वाढतात. याच प्रमाणाने, कॅशमुळे वेग दहा टक्के वाढला असे धरले तर मिळणारा लाभ आठेक एलोंचा होतो. आठ एलो म्हणजे शंभर डावांत पन्नासऐवजी एक्कावन गुण. एवढा फरक खात्रीने दिसण्यासाठी हजारो डाव खेळवावे लागतात. घरी बसून दहा-वीस डाव खेळवून ‘नव्या प्रोसेसरवर इंजिन जास्त चांगले खेळते’ असे म्हणण्यात काही तथ्य नसते. विश्लेषण करणाऱ्या माणसाला तर हे दहा टक्के दहा मिनिटांच्या जागी अकरा मिनिटे थांबून फुकट मिळतात.

मोजमाप करतानाही कॅश फसवू शकते. स्टॉकफिशला बेंच एवढीच आज्ञा दिली तर ते १६ मेगाबाइटच्या हॅश टेबलासह, एका थ्रेडवर, १३ पातळ्यांच्या खोलीपर्यंत काही ठरावीक स्थिती तपासते आणि सेकंदाला किती नोड, म्हणजे झाडातल्या पटस्थिती, पाहिले ते सांगते. पण १६ मेगाबाइटचे टेबल ३२ मेगाबाइटच्या कॅशमध्ये अख्खे मावू शकते, आणि प्रत्यक्ष वापरात आपण कित्येक गीगाबाइटचे टेबल देतो. शिवाय सात कोर रिकामे असताना एकट्या थ्रेडला सगळी कॅश मिळते. म्हणून तुलना करायची असेल तर टेबलाचा आकार, थ्रेडांची संख्या आणि खोली अनुक्रमे वाढवून, उदाहरणार्थ बेंच १०२४ ८ २० अशी आज्ञा द्यावी, आणि ती प्रोसेसर तापून स्थिरावल्यावर पुन्हा द्यावी. मोठे टेबल दिल्यावर सेकंदाचे नोड थोडे घटलेले दिसतील. त्याने विचलित होऊन टेबल लहान करू नये. जुने निष्कर्ष टिकून राहिल्यामुळे तीच फांदी पुन्हा तपासण्याचे काम वाचते, आणि लांब विश्लेषणात त्या बचतीचे मोल घटलेल्या नोडांपेक्षा जास्त असते.

दोन गोष्टींना मात्र या चर्चेतून सरळ वगळावे. लीला चेस झीरोसारखी इंजिने आपले मोठे नेटवर्क ग्राफिक्स कार्डवर चालवतात, तेव्हा प्रोसेसरच्या कॅशवर खर्च करण्यात अर्थ नाही. आणि अंत्यडावांचे सिझिजी तक्ते, जे सहा मोहऱ्यांपर्यंतचे घेतले तरी दीडशे गीगाबाइटच्या घरात जातात, ते वेगवान एसएसडीवर ठेवणे हाच त्यांच्यावरचा उपाय आहे.

कॅशवर पैसे घालण्याआधी करून पाहण्यासारखी एक गोष्ट फुकट आहे. ऑपरेटिंग सिस्टीम मेमरीचे वाटप साधारणपणे ४ किलोबाइटच्या पानांत करते, आणि कोणते पान कुठे आहे याचा तपशील प्रोसेसर एका वेगळ्या छोट्या कॅशमध्ये ठेवतो. काही गीगाबाइटच्या हॅश टेबलाची दहा लाखांच्या वर पाने होतात आणि ती छोटी कॅश सतत अपुरी पडते. तीच पाने २ मेगाबाइटची केली तर त्यांची संख्या पाचशे बारा पटींनी कमी होते. स्टॉकफिशच्या माहितीपत्रकानुसार मोठ्या पानांमुळे वेग सहसा ५ ते १० टक्के वाढतो आणि काही यंत्रांवर ३० टक्क्यांपर्यंतही वाढलेला आढळला आहे. लिनक्सवर बहुधा वेगळे काही करावे लागत नाही. विंडोजवर मात्र मेमरीची पाने कायम ठेवण्याचा अधिकार आपल्या खात्याला स्थानिक सुरक्षा धोरणातून द्यावा लागतो, आणि तो लागू व्हावा म्हणून एकदा लॉग आउट करून पुन्हा लॉग इन करावे लागू शकते.